आधी पडायला शिकवणाऱ्या निर्मलाताई

वर्षाचा फोन आला तेव्हा मी कळंबला माझ्या शाळेत सातवीच्या वह्या तपासत बसले होते. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. वर्षा एस.टी.त वाहक आहे, ड्युटीवर असताना ती कधी फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच हातातली वही मिटून फोन उचलला. "कुंदा, ताई गेल्या," ती म्हणाली. सकाळी चहा ठेवला, तो उकळायच्या आत गेल्या. शेजारच्या बाईंना वास आला म्हणून त्या पाहायला गेल्या, तेव्हा भांडं करपलेलं आणि ताई भिंतीला टेकून बसलेल्या.  मी वर्गातल्या मुलींना वाचत बसायला सांगितलं आणि यवतमाळला गाडी बदलून दिग्रसला पोहोचले. याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत ताईंविषयी लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले.

निर्मलाताई ढोके. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्या काट्यावर होत्या. कापसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचं आणि चिठ्ठ्या फाडायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण नागपूरला झालं, आणि तिथेच त्या ज्युदो शिकल्या. होस्टेलात काही मुली जातीवरून टोमणे मारायच्या, एकदा जिन्यात धक्काही दिला होता, आणि त्यानंतर त्या कॉलेजच्या मैदानामागच्या ज्युदोच्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्या कशावरून तरी विषय निघाला म्हणून. स्वतःची हकिकत सांगत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मी त्यांना भेटले तेव्हा बारा वर्षांची होते. आमचं गाव दिग्रसपासून जवळ. बाबा ग्रामपंचायतीत शिपाई, आई शिवणकाम करायची. सातवीला मला दिग्रसच्या शाळेत घातलं. मी बोलताना अडखळायचे. अजूनही अडखळते, पण तेव्हा माझं स्वतःचं नावच मला सगळ्यात जड जायचं. 'क' घशात रुतून बसायचा. आमच्या बसमध्ये नववीतल्या तीन मुली असायच्या. त्यांची म्होरकी हीच वर्षा. दिग्रसचा थांबा आला की त्या दाराच्या पायरीवर आडव्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, नाव सांग, मग उतर. मी क... क... करू लागले की अर्धी बस हसायची. डबा हिसकावणं, वेणी ओढणं हेही असायचं, पण त्याचं मला तितकं वाटायचं नाही. मला भीती वाटायची ती माझ्याच नावाची. शेवटी मी एक थांबा आधीच उतरू लागले. तो थांबा जिनिंगच्या फाटकासमोर होता. शाळा सुटेपर्यंत मी तिथल्या निंबाखाली बसून राहायचे आणि संध्याकाळच्या बसने घरी जायचे.

कापसाच्या धंद्याचे ते दिवस फार वाईट होते. त्या जिनमध्ये दोन हंगाम यंत्रं जेमतेम फिरली होती. काट्यावर गाड्या नाहीत, म्हणून ताईंना बाहेर पाहायला भरपूर वेळ होता. चौथ्या दिवशी त्या आल्या. शाळेत का गेली नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. मांडी घालून मातीत माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुयं नाव काय?" मी सुरुवात केली. 'क' अडकला. तोवर मोठी माणसं माझ्याऐवजी शब्द पूर्ण करायची, नाहीतर नजर वळवायची. ताई बसून राहिल्या. माझ्याकडे पाहत, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. नाव पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "कुंदा. चांगलं नाव आहे. उद्या मायले घेऊन येजो."

आई आली. घरी रडारड झाली होती, पण ताईंनी आईला मला रागवू दिलं नाही. जिनच्या रिकाम्या शेडमध्ये बारदानात खराब कापूस भरून त्यांनी गाद्या शिवल्या होत्या. जिनमधल्या मजुरांची सात-आठ मुलंमुली रोज शाळेनंतर तिथे ज्युदो शिकायला जमायची, त्यांत मीही जाऊ लागले. मालकाची परवानगी त्यांनी कशी मिळवली कोण जाणे. मला वाटलं होतं, आता कोणाला कसं आपटायचं ते शिकवतील. पहिला सबंध महिना मी नुसती पडत होते. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीला लावून हाताने गादीवर थाप द्यायची. अंगावर कापूस चिकटायचा आणि खाज सुटायची. मी एकदा कंटाळून विचारलं, मारायचं कधी? ताई म्हणाल्या, "पहिले तोंडानं सांगाचं. नाही आयकलं तं तिथून निंगून जाचं. निंगूच नाही देलं, तवा हात." मग पाय रोवून उभं राहायला शिकवलं, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला शिकवलं, 'सोड' हा शब्द पोटातून काढायला शिकवलं. 'सोड' मला अडखळल्याशिवाय म्हणता येत होता. तो शोध लागला त्या दिवशी मी शेडमध्ये तो वीस वेळा ओरडले आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मला न सांगता ताईंनी आणखी एक गोष्ट केली. त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटल्या, आणि बसच्या वाहकालाही. मला ते कळलं तेव्हा लाज वाटली. तुम्ही मला शिकवताय ना, मग त्यांना कशाला सांगितलं, असं मी रागाने विचारलं. "बारा वर्षांच्या पोरीनं सारं एकटीनं काहून निस्तरावं?" त्या म्हणाल्या. "मोठी माणसं कायले आहेत मंग?" आज मी शिक्षिका आहे आणि हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी आठवतं.

वाहक लक्ष ठेवू लागला, पण एक दिवस बदलीचा माणूस होता. वर्षाने पायरी अडवली. मी पाय रोवले आणि सोड म्हणाले. ती क्षणभर बावरली, मग तिने माझं दप्तर धरलं. शिकवल्याप्रमाणे मी तिचं मनगट वळवलं आणि तिचा हात सुटला. तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्ध्या बसचं ते हसू माझ्या कानात होतं... मी तिला ढकललं. ती पायरीवरून खाली पडली, कोपर फुटलं. मी मात्र उड्या मारत शेडवर गेले आणि सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तिचा हात सुटल्यावर ढकललं का? मी हो म्हणाले. ताईंनी चपला घातल्या. "चाल," म्हणाल्या.

वर्षाचं घर आमच्याच बसच्या वाटेवर, जिनच्या अलीकडच्या वस्तीत होतं. तिचे वडील त्याच जिनमध्ये फिटर. काम नसल्याने ते दिवसभर अंगणात बाजेवर बसून असायचे आणि घरातल्या प्रत्येकावर चिडायचे, हे ताईंना ठाऊक होतं. ताईंनी त्या अंगणात मला बोलायला लावलं. वर्षाने वर्षभर काय केलं तेही, आणि आज मी काय केलं तेही. मला फार वेळ लागला. मधे वर्षाच्या आईने माझा शब्द पूर्ण करायचा प्रयत्न केला, तर ताईंनी हात वर करून तिला थांबवलं. माझं संपल्यावर मी वर्षाची माफी मागितली. वर्षा पट्टी बांधलेला हात धरून जमिनीकडे पाहत होती. ताई तिच्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी काय चालू आहे ते मले समजते. तरीबी या पोरीले छळाचा हक्क वर्षाले नाही." ते बाजेवरून उठले आणि आम्हाला पाणी आणायला आत गेले. निघताना ताईंनी वर्षाला शेडवर यायला सांगितलं.

पंधरा दिवस ती आली नाही. सोळाव्या दिवशी येऊन दाराशी उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. ताईंनी मलाच हाक मारली आणि सांगितलं, हिला पडायला शिकव. नवीन माणूस मागे पडताना त्याचं डोकं आपटू नये म्हणून शिकवणाऱ्याने आपला तळवा खाली धरायचा असतो. वर्षा घाबरली होती. ती पडली आणि तिचं डोकं माझ्या तळव्यावर आलं. त्या दिवशी ती तीस वेळा पडली आणि तीसही वेळा मी तळवा खाली धरला.

पुढे जिन बंद पडलं, शेडही गेली. ताईंनी वर्ग नगर परिषदेच्या शाळेच्या हॉलमध्ये नेला आणि शेवटपर्यंत चालवला. स्पर्धेत पदकं मिळवणारी मुलं त्यांच्याकडून फारशी निघाली नाहीत. शाळा सोडणार होती आणि सोडली नाही, अशी मात्र पुष्कळ निघाली. गेली काही वर्षं त्यांना दम लागायचा, तेव्हा वर्षा ड्युटी सांभाळून मुलांना शिकवायची आणि ताई भिंतीशी बसून पाहायच्या.

अंत्यविधीनंतर वर्षा आणि मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. इतक्या वर्षांत बसमधल्या त्या दिवसांविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. वर्षा स्वतःच म्हणाली, "आमच्या गाडीत कोनी लहान पोरीले तरास देला का मी गाडी थांबवतो. ड्रायव्हर वैतागते." थोड्या वेळाने म्हणाली, "तुले सॉरी म्हनाचं राहूनच गेलं." मी तिचा हात हातात घेतला. माझा शब्द अडकला होता, आणि या वेळी तो पूर्ण करायची घाई मलाही नव्हती.

गेल्या रविवारी मी हॉलवर गेले. आता महिन्यातून दोन रविवार मी वर्ग घेणार आहे. वर्षाने कपाट उघडून मुलांचे ज्युदोचे पांढरे अंगरखे बाहेर काढले. मांजरपाटाचे, ताईंनी स्वतः शिवलेले. लहान झाले की ते पुढच्या मुलाला जायचे, आणि प्रत्येक वेळी ताई कॉलरच्या आत नवं नाव लिहायच्या. एक जुना अंगरखा वर्षाने माझ्यासमोर धरला. धुऊन धुऊन फिकट झालेल्या शाईत सगळ्यात वर 'कुंदा' होतं, त्याखाली अकरा नावं. शेजारच्या तांड्यावरची एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा आली होती, तिला तो बरोबर बसला. कॉलरमध्ये जागा उरली नव्हती. वर्षाने शिवण थोडी उसवून आतली पट्टी उलगडली आणि पेन त्या मुलीच्या हातात दिलं. ती गुडघ्यावर अंगरखा पसरून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढू लागली.