गजूचा खर्ज

हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. पन्नाशी उलटलेला विमा कचेरीतला बाबू मी, आणि घरात फोन वाजला की छातीत धस्स होतं. का, ते सांगतो. जरा फिरून फिरून येईन. सरळ यायची हिंमत नाही.

आम्ही चौघं गायचो. पेटी नाही, तबला नाही, नुसते चार गळे. बार्बरशॉप म्हणतात या गाण्याला. तिकडे अमेरिकेत म्हणे न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं असे चार आवाज जुळवून गायची. नागपुरात हे सांगितलं की लोक हसायचे, "आले बाप्पा कटिंग-दाढीवाले!" डेव्हिड मुख्य चाल गायचा, विनय त्याच्या वरचा सूर, मी मधला. आणि सगळ्यांच्या खाली खर्ज लावायचा गजू, शाळेपासूनचा माझा दोस्त, मूळचा भिवापूरचा. काय खर्ज होता, राजा! तो नुसता 'हूं' म्हणाला तरी मनीषनगरातल्या माझ्या मागच्या खोलीतली खिडकीची काच थरथरायची. त्याच खोलीत भिंतींना गाद्या लावून मी रेकॉर्डिंग करायचो. बायको म्हणायची, "हे घर आहे का गादीभांडार?"

या गाण्यात एक गंमत असते. चारही सूर नेमके बसले की त्यांच्या वर पाचवा सूर वाजतो. कोणीच गात नाही, पण ऐकू येतो. त्याच्यासाठीच सगळी मरमर. सरावासाठी प्रत्येकाला त्याचा भाग गाऊन द्यावा लागतो, म्हणजे तो घरी ऐकून बसवतो. ते काम माझं. चारही भाग मीच गायचो. खर्ज माझ्या गळ्यात नाही, म्हणून माझाच सूर संगणकावर खाली ओढायचो. गजूचा भाग तर त्याच्याच लकबीत गायचो, शब्द दाबून, शेवट लांबवून. तो ऐकायचा आणि खदाखदा हसायचा. "माही नक्कल करतं का बे, नंदू?"

मग देशभरातली स्पर्धा आली. परीक्षक फक्त रेकॉर्डिंग ऐकणार होते. नियम साधा — ज्याचं नाव, त्याचाच आवाज. पहिल्यांदाच चौघांना चार माइक लावले. एरवी आम्ही एकाच माइकभोवती उभे राहायचो. गाणं झालं, सगळे खूश होऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा ऐकत बसलो.

पाचवा सूर लागत नव्हता.

एकेक आवाज वेगळा करून ऐकला. विनय ठीक, डेव्हिड ठीक, मी ठीक. गजूच्या आवाजात खरखर होती. सर्दीची? नाही. सर्दीची मला कळते. ही खरखर सुराच्या तळाशी होती, कापड उसवत असल्यासारखी. आणि गजूच्या गालात दिवसभर खर्रा. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटून घ्यायचा आणि वरून म्हणायचा, "अबे, ह्याच्यानंच तं खर्ज लागते!" माझ्या मामाचा आवाज अगदी असाच खरखरू लागला होता. मामाचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलंय. म्हणजे मला काही कळलं नाही असं नाही. कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं.

मग मी काय केलं? गजूचं घर पायी जायच्या अंतरावर. गेलो का? फोन तरी केला का? नाही. मी उठून माइकसमोर उभा राहिलो आणि त्याचा भाग गायलो. खाली ओढला. त्याचा काढला, माझा बसवला. पाचवा सूर लागला — असा लख्ख, की अंगावर काटा आला. आनंदानं हो! आनंदानं. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

निकाल लागला की सांगू, असं ठरवलं होतं. आम्ही पहिले आलो. गजू फोनवर गाणं लावून मोहल्लाभर फिरला. "पाहा, काय लागला बे माहा आवाज!" आता कसं सांगणार? 'घसा दाखवून ये' म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, "काहून?" त्या काहूनचं उत्तर दिलं की सगळंच बाहेर आलं असतं. मी गप्प बसलो. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गजूची खरखर सगळ्यांनाच ऐकू यायला लागली, तेव्हा वहिनींनी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घशाचा कॅन्सर आहे, काही महिने आधी आले असते तर आवाज वाचला असता. वहिनी रडत मला हे सांगत होत्या, आणि मी मान हलवत होतो! त्याच दिवशी घरी येऊन गजूचा तो खरखरता मूळ आवाज मी संगणकावरून पुसून टाकला. कोणी ऐकलं तर? एवढंच होतं डोक्यात.

स्वरयंत्र काढलं. गजू जगला. पाटीवर लिहून बोलायला लागला.

यंदा त्याची मुलगी तनुजा घरी आली. "काका, माणसाचा आवाज दिला की तसाच बोलणारा आवाज फोनवर करून मिळतो आता. माझ्याजवळ बाबांचे जे आहेत ते सगळे आजारातले, घोगरे. तुमच्याजवळ त्यांचा एकट्याचा आवाज असेल ना, स्पर्धेतला?"

नाही म्हणता आलं असतं. पण तिनं विचारलं असतं, गेला कुठे? त्या भीतीनं मी दिला. 'गजू – खर्ज' असं नाव होतं त्याला. आत मी होतो.

आठवड्याभरात त्यांच्या घरून बोलावणं आलं. गजूनं फोनवर काहीतरी लिहिलं, बटण दाबलं, आणि खोलीत माझा आवाज बोलला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. "हेच! असेच बोलत होते!" माणूस एवढे दिवस गप्प राहिला की घरच्यांनाही त्याचा आवाज नेमका आठवत नाही, हे मला तेव्हा कळलं. गजूनं मात्र मान तिरकी केली. पुन्हा लिहिलं. फोन म्हणाला, "असाच होता का बे, नंदू?"

मी म्हणालो, "हो ना गा. असाच."

तेव्हापासून त्याला नाद लागलाय. भाजीवालीशी घासाघीस करतो, तनुजाला रागावतो, मला तर रोज फोन. घंटी वाजली की मनात एकच. आज कळलं असेल का? उचलला की पलीकडून मीच बोलतो, "काय करून राहिला बे?" मी उत्तर देतो. बायको म्हणते, किती प्रेम आहे दोघांचं.

आज सकाळीही फोन आला. पलीकडून नुसती टकटक. तो टाइप करत होता. मग माझाच आवाज मला म्हणाला, "तुहे कान तं लय तिखट, नंदू. चार माइक लावले होते तवा तुले माह्या आवाजात काहीच वाटलं नाही का बे?"

मी म्हणालो, "नाही."