अकरावा तुकडा

वडाळे तळ्यामागच्या गल्लीत गणू मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर अजून 'सूट स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं आहे. पण माझी त्यांच्याशी ओळख झाली तेव्हा मास्तर फक्त चेन बदलायचे, पँटी आखूड करायचे, उसवलेलं शिवून द्यायचे. नव्या कापडाला त्यांनी दोन वर्षांत कात्री लावली नव्हती.

कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. एका बाईंनी वारलेल्या नवऱ्याने जपून ठेवलेलं कोटाचं कापड मुलासाठी आणलं होतं. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापडाला सुलट-उलट बाजू होती, त्यामुळे बाही फिरवून लावता येईना. आणि तसं कापड आता कुठे मिळत नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. तुकडे पिशवीत भरून घेऊन गेल्या. चाळीस वर्षं कापड कापलेल्या माणसाला ते न बोलणंच लागलं.

एक गिऱ्हाईक मात्र हटत नव्हतं. निवृत्त शिक्षक उदयसिंह सर. त्यांच्या कोटाचं राखाडी कापड आठ महिने दुकानाच्या कपाटात होतं. दुसरीकडे द्या, असं मास्तर म्हणायचे, आणि मला घाई नाही, असं सर म्हणायचे.

स्नेहल ही मास्तरांची सून. ती कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला आहे आणि आमच्या गटात एक ऑनलाइन खेळ खेळते. खेळात तिचं पात्र शिंप्याचं आहे. सासऱ्याचा धंदा सुनेनं चालवला म्हणून आम्ही तिला चिडवतो. त्या खेळात चांदवस्त्र नावाचं दुर्मीळ कापड असतं. साधं रेशीम एका ठरावीक तळ्यात बुडवलं की एक तुकडा तयार होतो, मग चार दिवस दुसरा करता येत नाही. दहा तुकडे जमले की एक अंगरखा. तो आम्हाला गटातल्या अपूर्वसाठी हवा होता, कारण लढाईत पुढे उभा राहून मार खाणारा तोच.

तुकडा करायची वेळ नेमकी दुपारी यायची, आणि ऑफिसात मोबाइल चालत नव्हता. म्हणून स्नेहलने जुना मोबाइल दुकानात ठेवला आणि मास्तरांना बटण दाखवून ठेवलं. तळं बघून मास्तरांनी पहिलं मत दिलं, की हे आपल्या वडाळे तळ्यापेक्षा बारकं आहे.

मग प्रश्न सुरू झाले. याचा उभा धागा कुठला, धुतल्यावर आटतं का, इस्त्री किती गरम चालेल. स्नेहलला सांगता येईना, म्हणून तिने मला पुढे केलं. मी सॉफ्टवेअरवाला. मी सांगितलं की हे कापड म्हणजे आत फक्त एक आकडा आहे.

"आकडा हाय तर चार दिस कशाला लागतात?" मास्तर म्हणाले.

त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. करंज्याच्या बंदरावर मासळी आणायला गेले तेव्हाही मोबाइल सदऱ्याच्या खिशात होता.

दहावा तुकडा एका मंगळवारी झाला. आमची लढाई शनिवारी सकाळी ठरली होती. आता फक्त 'बनवा' दाबायचं होतं, आणि मास्तर ते दाबेनात. स्नेहललाही दाबू देईनात. बुधवारी संध्याकाळी गटाच्या कॉलवर त्यांनी जाहीर केलं की अजून एक तुकडा लागेल. पुण्याची रेवा म्हणाली, काका, अपूर्व एवढा जाडा नाही हो. अपूर्वने गमतीत विचारलं, माप पाठवू का. मास्तर गंभीरपणे म्हणाले, पाठव. छाती, खांदा, बाही.

स्नेहलने समजावलं की खेळ मोजून दहाच घेतो.

"माया सोडल्याबिगर मी कात्री लावत नाय," मास्तर म्हणाले.

माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. आम्ही लढाई पुढे ढकलली.

त्याच गुरुवारी उदयसिंह सर दुकानात आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. रविवारी येतो, म्हणाले. कापलेलं नसेल तर कापड घेऊन जाईन.

शनिवारी दुपारी अकरावा तुकडा झाला. स्नेहल ऑफिस सुटल्यावर दुकानात आली होती, आणि मी माझी पँट न्यायला गेलो होतो. मास्तरांनी तुकडे दोनदा मोजले आणि बारावा असता तर बरं झालं असतं, असं पुटपुटले.

स्नेहलने कपाटाकडे पाहिलं. "बाबा, ही माया नाही. ही मुदत मागताय तुम्ही."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मोबाइल घेऊन बटण दाबलं. कात्रीचा आवाज आला आणि तीन सेकंदांत निळसर अंगरखा पडद्यावर फिरू लागला. मास्तर मोबाइल जवळ-लांब धरून काहीतरी शोधत होते.

"कातरण कुटं हाय?"

"नसते बाबा. दहा तुकडे घेतले, दहाही लागले."

"मंग यानं कापलंच नाय काय." त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि कपाट उघडलं.

राखाडी कापडावर ओलं फडकं टाकून त्यांनी इस्त्री फिरवली. खडूने आखणी केली. पाठ कापली, पुढचे भाग कापले. बाह्यांशी आल्यावर दोन्ही बाह्यांच्या उलट बाजूला मोठी अक्षरं लिहिली, 'डा' आणि 'उ'. डावी कापून झाली. दुसरीवर कात्री थांबली.

"वाच," ते सुनेला म्हणाले.

"उजवी."

"परत."

"उजवी आहे, बाबा."

कात्री चालली.

रविवारी सर रिकामी पिशवी घेऊन आले. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता. सरांनी तो घातला. खांदा बरोबर बसला, दोन्ही बाह्या आपापल्या हाताला आल्या. पोटावर मात्र ताणत होता.

"आट म्हयन्यांत पोट सुटलं तुमचं," मास्तर म्हणाले.

"आठ महिने थांबवलंत, त्याचंच आहे ते."

मास्तरांनी बाजूची शिवण उसवली. आत दीड इंच माया होती. ती सोडून त्यांनी टाचण्या लावल्या, आणि सरांनी मोकळा श्वास घेतला.

स्नेहल केरसुणी घेऊन टेबलाखालची राखाडी कातरण गोळा करायला वाकली.

"आज ऱ्हाऊ दे," मास्तर म्हणाले.