भागामायची देवी

भागामाय मुलांची हजेरी नाकाने घेत असे. सकाळी विहिरीवर आंघोळी उरकल्या की वीसही मुले तिच्यापुढून एकेक करून जात. प्रत्येकाचे ओले डोके ती छातीशी ओढी, टाळूवर नाक टेकवी आणि निकाल देई. "तू जाय शाळेत." "तुह्या पोटात गडबड हाय, आज ताक पेजो." "अबे, तू आंघोळ केली का नुसतं डोकं भिजवलं?" ताप अंगावर दिसण्याच्या आदल्या दिवशी तिला त्याचा वास येई. तो कसा असतो, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "तव्यावर काही नसते ना, अन् तवा तापते. तसा."

अमरावतीच्या शाळेमागे मुलांच्या राहण्याचे हे घर होते. बोर्डिंग हा शब्द पुढे आला; तेव्हा सारे त्याला 'पोट्ट्यायचं घर' म्हणत. माझे वडील शाळेचे मास्तर, पुण्याकडचे. मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि वडील मला घेऊन या घराच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहू लागले. सातासमुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे आमच्या खिडकीखालून दिवसभर वऱ्हाडचा कापूस चालला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. हिवाळ्यात हवेतून रुईचे तंतू तरंगत येत, ओल्या केसांना चिकटत, आणि साऱ्या गावाला सरकीचा कोमट, तेलकट वास येई. कुणब्या-माळ्यांनी आपली मुले शाळेत घातली ती याच दिवसांत, आडत्याची चिठ्ठी वाचता यावी म्हणून.

भागामाय अचलपूरकडच्या माळ्यांची विधवा. मुलांचा स्वयंपाक, धुणे आणि दुखणी हे सगळे तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण होते आणि त्यांची थट्टा ती स्वतःच आधी करून टाकी. "देवीनं माह्या तोंडावर कारल्याचं बी पेरलं, मंग पिकाले काय येनार?" तिच्या दोन लेकी मात्र त्याच साथीत गेल्या होत्या. त्यांच्याविषयी ती थट्टा करीत नसे, बोलतच नसे.

तिच्या चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास भिंत ओलांडून आमच्या खोलीत येई. वडील सोवळ्यात स्वतः भात रांधीत आणि भागामायच्या स्वयंपाकघरातले पाणीही घेत नसत. मला तिकडे जेवायची मनाई होती. भागामायला याचा राग नव्हता. दारातल्या खडूच्या रेषेबाहेर उभी राहून ती वडिलांशी बोले. पण कुणी कोणत्याही गोष्टीला नकार दिला की तिचे एक वाक्य ठरलेले असे, आणि ते वडिलांनाही चुकले नाही. "नाही तं नाही, गुर्जी. पन कावून नाही, थे सांगा." तिच्या बोलीत 'कावून' म्हणजे का.

त्या हिवाळ्यात बाजारात देवीची साथ आली. गाडीवानांच्या तळावर दोन माणसे आजारी पडल्याचे कळताच वडिलांनी सरकारी लस टोचणाऱ्याला बोलावणे धाडले. त्या काळी लस कुपीतून येत नसे. एका लेकराच्या दंडावर फोड आणायचा आणि आठव्या दिवशी त्यातले पाणी दुसऱ्याच्या दंडावर टोचायचे. लस अशी जिवंत अंगावरूनच चालत येई. लोक त्या गृहस्थांना देवी डॉक्टर म्हणत, आणि ते जे करीत त्याला आपल्या भाषेत शब्द आहे: देवी काढणे.

या शब्दाने घात केला. वडिलांनी मुलांना पत्रलेखनाचा धडा म्हणून घरी पत्रे लिहायला लावली आणि फळ्यावर पहिले वाक्य घालून दिले: 'येत्या सोमवारी आम्हांस देवी काढणार आहेत.' वीस मुलांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवले. पत्रे गावोगाव गेली, पाटलाच्या ओसरीवर मोठ्याने वाचली गेली. कुणाला वाटले, मास्तर देवीला घरातून हाकलून काढणार. कुणाला वाटले, मुलांच्या अंगावर मुद्दाम रोग काढणार. रविवारी दुपारपर्यंत आमच्या दारात बारा दमण्यांचे बैल सुटले होते.

भागामाय उंबरठ्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. ती उठली नाही आणि ती उठल्याशिवाय आत जायला वाट नव्हती.

"माय, पोट्टं दे माहं," पुढचा शेतकरी म्हणाला. हा आमच्या मुलांतल्या सुदामचा बाप, तुळशीराम. मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातला, उंच, कमी बोलणारा.

"कावून?"

"देवी काढून राहिले म्हनते तुमी."

"कोन म्हनते?"

"चिठ्ठीत लिवलं हाय."

"चिठ्ठी लिवनारं पोट्टं दहा वर्साचं, अन् तू चाळीसचा. काढून नाही राहिले, बावा. बसवून राहिले." तिने अंबाडीचा देठ मोडला. "नवरात्रात घट बसवते का नाही तुही बायको? तसा हा दंडावर घट. आठ-नऊ दिवस तिची सेवा कराची. आपन मानानं बसवली तं थे दार मोडून येत नाही. माह्या घरी तिले कोनी बसवलं नाही, म्हनून थे न बोलावता आली. माह्या तोंडाकडं पाय अन् मंग बोल."

मला त्या क्षणी वाटले, झाले, ही जिंकली. पण मागून कुणी तरी विचारले, "थे बसवाची, पन कोनाच्या लेकराच्या अंगावरची?"

उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. देवी डॉक्टर ज्या बाईचे लेकरू दंडावर फोड घेऊन आणणार होते, ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली होती. पाण्याच्या घागरीपाशी जिला उभे राहू देत नाहीत, तिच्या लेकराचे पाणी आपल्या लेकराच्या रक्तात? एका गाडीचे बैल जुंपले गेले. मग दुसरीचे.

भागामायने भाजीचे सूप बाजूला ठेवले आणि ती आमच्या खोलीकडे आली. वडील चुलीपाशी होते. ती खडूच्या रेषेपाशी थांबली.

"गुर्जी, तुमची पोट्टी द्या."

"माझी?"

"मंग कोनाची? माह्या दोघी तं गेल्या. त्या लेकराच्या अंगावरची हिच्या अंगावर बसवा अन् आठव्या दिवशी हिच्या अंगावरची समद्यायच्या. बामनाच्या पोरीच्या अंगावरची मंग कोनी नाकारनार नाही."

भात खाली लागल्याचा वास येऊ लागला तरी वडिलांनी पातेले उतरवले नाही. त्या बाईच्या लेकराचा स्पर्श म्हणजे त्यांच्या माणसांत काय होते, हे मला तेव्हा कळत नव्हते. पुढे दोन वर्षे आमच्याकडे एकाही ब्राह्मणाघरचे आमंत्रण आले नाही, तेव्हा कळले.

"नाही म्हना," भागामाय हलक्या आवाजात म्हणाली. "पन कावून नाही, थे त्या दारातल्या लोकायले तुमीच सांगा."

वडिलांनी हात धुतले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा तिच्याबरोबर."

भागामायने मला दारात उभे करून ते सांगितले. गाड्या रिकाम्या परतल्या, मुले राहिली. एकटा तुळशीराम ऐकेना. "माहं एकच हाय, माय," एवढेच तो म्हणाला आणि सुदामला उचलून दमणीत बसवून घेऊन गेला. सुदाम मागे तोंड करून बसला होता. वर्गात सर्वांत आधी पाढे पाठ होणारा, आणि माझ्या वेणीला रुई चिकटवणारा मुलगा.

सोमवारी माझ्या दोन्ही दंडांवर मिळून चार टोचे पडले. पुढले सात दिवस मी भागामायच्या स्वयंपाकघरात पाटावर देवीसारखी बसले. चौथ्या दिवशी टोचे लाल झाले, सहाव्या दिवशी मोत्यासारखे भरले. अंगात बारीक ताप होता आणि जीभ कडू. भागामाय थंड ताकभात माझ्या पुढ्यात ठेवी. वडील दारातून पाहत. मी तिथले अन्न खाते आहे, याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. मुले दाराआडून डोकावत. "काय पायता बे? हात जोडा!" असे ती दटावी, आणि ती खरेच हात जोडत.

आठव्या दिवशी सकाळी मुले दंड उघडे टाकून रांगेत उभी राहिली. माझ्या फोडांतून थेंब थेंब घेऊन देवी डॉक्टर टोचत गेले. तीन फोड रिते झाले. चौथ्याकडे त्यांनी सुई नेली तेव्हा भागामायने त्यावर आपला पंजा धरला.

"हा नाही. तीनायतच भागवा."

"क्यों, माय?"

"हा सुदामचा."

"उसका बाप तो ले गया।"

"बापानं नेलं, आपन जाऊ. पानी आजच्या दिवसाचंच असते का नाही, तुमीच सांगतलं."

एकोणीस मुले तीन फोडांत झाली. दुपारच्या आत आम्ही तिघे दमणीत होतो. चार कोसांची वाट. दोन्ही बाजूंना पांढरी बोंडे, चाकांखाली काळी माती कुरकुरत होती. वाटभर भागामायने माझा दंड आपल्या पदराखाली धरला होता, भर पाण्याचे भांडे सांडू नये म्हणून धरतात तसा. ती एकदाच बोलली. "हलू नको वं. तू आता एकटी नाहीस."

तुळशीरामच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता.

तो ओट्यावर बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. "आली थे, माय," तो म्हणाला.

"कवा?"

"परवा."

देवी डॉक्टरांनी आत जाऊन पाहिले आणि बाहेर येऊन मान हलवली. आता टोचून उपयोग नव्हता. भागामाय काय बोलेल म्हणून मी तिच्याकडे पाहिले. मी सांगतलं होतं, असे ती म्हणेल. म्हणण्याचा तिला हक्क होता. तिने फक्त विचारले, "घरात आखीन लेकरू हाय का?"

तुळशीराम उठला. मग आत गेला आणि तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आला. एकच हाय असे म्हणताना त्याने हिला मोजले नव्हते. त्याने स्वतःच्या हाताने तिची बाही वर सारली. चौथा फोड तिच्या कामी आला.

"तू जाय डॉक्टरसंगं," भागामायने मला सांगितले. "मी हाय इथं. अन् गुर्जीले सांगजो, पोट्ट्यायचं धुनं आठ दिवस त्यायनंच पाहावं."

आठ दिवसांचे चाळीस झाले. ती परतली तेव्हा सुदामचा हात तिच्या हातात होता. तो जगला होता, पण त्याचे दोन्ही डोळे गेले होते. दारातून येताना त्याने उंबरठा पायाने चाचपला. भागामायने त्याचे डोके छातीशी ओढले, टाळूवर नाक टेकवले आणि म्हणाली, "हा जाते शाळेत."

आंधळ्या मुलाला शाळेत कसे शिकवणार, हे वडिलांनी तिला मोठ्या मायेने समजावले. तिने सगळे ऐकून घेतले.

"डोळे गेले, गुर्जी. कान हायेत, डोस्कं हाय. त्याले कोनी वाचून दाखवाले पायजे, एवढंच ना? ही हाय ना तुमची."

"तिला बाराखडीच्या पुढे येत नाही."

"मंग शिकवा तिले. का पोरीच्या जातीले शिकवत नाही? नाही तं नाही, पन…"

"शिकवतो," वडील घाईने म्हणाले.

माझे शिक्षण असे सुरू झाले. पुढे मला कविता भेटल्या, वृत्ते भेटली, शब्दाला वास आणि स्पर्श असतो हे कळले. पण माझी पहिली विद्या उसनी होती, दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतलेली. भागामाय कित्येक वर्षांनी अचलपूरला आपल्या भावाच्या मळ्यात वारली. मी तेव्हा सासरी होते आणि महिनाभराने मला ते कळले.

मला दिसतो तो पहिल्या धड्याचा दिवस. सुदाम माझ्यासमोर मांडी घालून बसला होता, मान किंचित वाकडी करून, कान माझ्याकडे. भागामाय पलीकडे ज्वारी पाखडत होती. भूगोलाचे पुस्तक माझ्या मांडीवर होते आणि तिसऱ्याच ओळीत एक जोडाक्षर आडवे आले. मी थांबले. एकदा ओठ हलवले, पुन्हा थांबले. मुलांपैकी कुणी तरी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी पुस्तक मिटू लागले.

सुपाचा आवाज थांबला.

"चुकली तं चुकली," भागामाय म्हणाली. "पन मिटू नको वं. थो तिथंच उभा हाय, तू गेल्याबिगर त्याले पुढं जाता येत नाही."

मी डोळे पुसले, पुस्तक उघडले, त्या अक्षरावर बोट ठेवले. "सह्… सह्या… सह्याद्री," मी म्हणाले.

"सह्याद्री," सुदाम म्हणाला. "पुढं?"