'घरीच तर असते'

मंडळी, आज स्वतःची एक चूक लिहायची आहे.

गुडघ्यांसाठी आईचं वजन हळूहळू कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला दिवसाला किती कॅलरी लागतात, ते मी पंधरा दिवसांपूर्वी मोबाईलवर काढलं. वय, उंची, वजन भरलं. कामाच्या रकान्यापाशी तिला विचारलं, तर म्हणाली, "माजं कसलं काम? घरीच तर असते."

मी 'बैठं काम' निवडलं. आलेल्या आकड्यातून आणखी कमी करून वेळेला एकच भाकरी ठरवली आणि भोरला परतलो.

आज पुन्हा गावी, हिर्डोशीला गेलो, तर आई गवताचा भारा टाकून बांधावर बसलेली.

"चक्कर आली का गं?"

"न्हाई रं, भूक लागलीय. पर तुजा आकडा मोडंल ना."

तिथंच शेजारी बसून तिला सकाळपासूनची कामं विचारली. गोठा, पाण्याचे हंडे, नाचणीची खुरपणी, मग हा भारा. घरी येऊन रकाना बदलला, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अगदी थोडं कमी करा, उपाशी ठेवू नका."

मी तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. आई हसून म्हणाली, "मंजी मोबाईलला कळलं म्हनायचं, मी काम करते ते."

मला ते कळायला चाळिशी उलटावी लागली. तुमच्या घरी 'घरीच तर असते' म्हणणारी कुणी असेल, तर तिचा दिवस तुम्ही कधी नीट विचारलाय का?