‘फक्त संस्थेसाठी’ असलेला रकाना

प्राजू, हे वाचताना माझ्याजवळ येऊन बसलीयस असं समज, कारण आत्या तुला ओरडणार आहे. ब्लाउजच्या ऑर्डरी घ्यायला वेबसाइट काढलीस, कौतुक वाटलं. पण उघडली की ब्राउझर वरच लिहितो, ‘सुरक्षित नाही’. तू म्हणतेस, साइटवर पैसे घेतच नाही, नुसता फॉर्म आहे. व्हय की. बायकांची मापं, घरचा पत्ता आणि फोन नंबर, एवढंच. त्यात चोरण्यासारखं काय असणार?

हाच प्रश्न मी मंगळवार पेठेत ऐकला होता, नेट कॅफेचे दिवस होते तेव्हा. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली होती, आणि पुस्तकं वाचून मी वेबसाइट करायला शिकले होते. अण्णांच्या वधू-वर मंडळाची साइट मी सांभाळायची. अण्णा मूळचे सीमेकडचे, भांड्यांचे व्यापारी. मला अक्का म्हणायचे. स्थळही पातेल्यासारखंच दाखवायचे, वाजवून.

साइटवर मुलामुलींची माहिती सगळ्यांना दिसायची. खाली मात्र एक रकाना होता, ‘फक्त संस्थेसाठी’. आजारपण, मोडलेलं लग्न, जे चारचौघांत बोलायचं नाही ते तिथं लिहायचं. तो रकाना अण्णा आणि मी, दोघांनाच उघडता यायचा.

मी म्हटलं, "अण्णा, एसएसएल घेऊया." म्हणजे काय, तर लिहिलेला मजकूर माणसाच्या कॉम्प्युटरमधून निघतानाच असा गुंतवून टाकायचा की तो आपल्या सर्व्हरवर पोचल्यावरच सुटावा. वाटेत कुणाच्या हाती लागला तरी वाचता येत नाही. त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि तेव्हा ते दरवर्षी विकत घ्यावं लागायचं.

"दरवर्षी? आपण काय बँक हाय व्हय, अक्का? कोण चोरतंय हितं?"

"लोक रकान्यात काय काय लिहितात, बघताय न्हवं?"

"मग कुलपाचं चित्र लावा की. मोठं. सोनेरी."

लावलं. दसऱ्याला अण्णांनी मॉनिटरला झेंडूची माळ घातली, तीही बरोबर कुलपावर येईल अशी. सुरक्षेचा विषय संपला.

दिवाळीनंतर कबनूरची रेखा वडिलांना घेऊन जिना चढून आली. शाळेत शिकवायची, बोलणं मोजकं. तिनं फॉर्म आमच्या खालच्या नेट कॅफेतच भरला होता. घरी इंटरनेट कुणाकडं होतं? आम्हीच सगळ्यांना तिकडं पाठवायचो. रकान्यात तिनं लिहिलं होतं की लहानपणी फिट यायची, आता डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्यात, आणि स्थळ पसंत पडलं तर मुलाला हे मी स्वतः सांगणार.

"सांगायची पाळीच आली न्हाय," वडील म्हणाले. "काल एक मध्यस्थ न बोलावता दारात. पावणं म्हणून चहा दिला. तर गल्लीतल्या बायकांदेखत म्हणतोय, फिटवाल्या पोरीला दुसरं कोण करणार? एक बिजवर हाय, दोन पोरं हायत त्याला, गप उरकून टाका."

रेखा एवढंच म्हणाली, "हे मी मावशीलासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त इथं लिहिलं होतं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "अक्का, रकाना उघडतो आपण दोघंच. मी तर कुठं बोललो न्हाय."

म्हणजे मीच बोलले, असा अर्थ झाला. नोकरीचं सोड, पेठेत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"बसा सगळे," मी म्हटलं. "आता बघा."

आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते आणि मधे दोघांच्या तारा जोडणारा हब नावाचा डबा. खाली कॅफेतही तसलाच. हब कसा चालतो? एसटीत पुढं बसलेल्यानं शेवटच्या सीटवरच्याला घरची गोष्ट ओरडून सांगावी, तसा. ऐकू सगळ्यांना येतं. बाकीच्यांनी ऐकलं नाही असं दाखवायचं, एवढीच शिस्त. कॉम्प्युटरही ‘हे माझं नव्हे’ म्हणून सोडून देतो. सोडायचं नाही म्हटलं तर त्याचंही सॉफ्टवेअर होतं. माझ्याकडं होतं ते एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं.

"अण्णा, पलीकडं बसा. रकान्यात मनाला येईल ते लिहा आणि पाठवा."

अण्णांनी एका बोटानं बराच वेळ टाइप केलं. मग माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली. मी मोठ्यानं वाचली, "‘अक्का हुशार हाय, पण बोलती लई.’"

रेखाच्या वडिलांना हसू फुटलं. रेखाला नाही.

"हे तुम्ही सर्व्हरवरनं काढलंसा," अण्णा म्हणाले.

"सर्व्हरला हात लावला नाही. वाटेतनं उचललं."

"मग आपलं कुलूप?"

"चित्र मस्त आहे, अण्णा."

रेखा उठली. "म्हणजे मी लिहीत होते तेव्हा खाली कुणीतरी वाचत होतं. माझं नाव काढा." तिच्यासमोरच काढलं. अण्णांनी हात जोडले. ती म्हणाली, "ते राहू द्या. बाकीच्या पोरींचं बघा."

त्याच आठवड्यात सर्टिफिकेट आलं. आता दरवर्षीचं काय, असं अण्णांनी एकदाही विचारलं नाही.

मध्यस्थाला रेखाची माहिती कुणी पुरवली, ते शोधायला आम्हाला कष्ट पडले नाहीत. सर्टिफिकेट बसवून थोडेच दिवस झाले होते. खालचा कॅफेवाला स्वतःच वर आला, अगदी शेजारधर्म म्हणून.

"अण्णा, साइट बिघडली काय तुमची? लोक फॉर्म भरत्यात, पण नुसता कचरा दिसतोय. एक अक्षर वाचाय येईना."

अण्णांनी त्याला खुर्ची दिली. दार लावून घेतलं. "आणि तुला रं कशाला वाचायचं हुतं?"

पुढचं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची माणसं फॉर्म भरायला आमच्याच ऑफिसात बसायला लागली.

रेखाचं लग्न पुढं झालं, तिच्याच शाळेतल्या मास्तरांशी. तिनं फिटचं सांगायला घेतलं तेव्हा त्यांना ते गल्लीतनं कधीच कळलं होतं. तरी त्यांनी तिला पहिल्यापासून सांगू दिलं. सगळ्यांना असा मास्तर मिळत नाही.

एकदा बाहेर गेलेली गोष्ट सर्टिफिकेट लावून परत येत नाही, म्हणून ते आधी लावायचं. आता तर ते फुकट मिळतं, म्हणजे तुझ्याकडं अण्णांएवढंही कारण नाही. या रविवारी लॅपटॉप घेऊन ये. दुपारच्या आत काम होईल, मग जेवूनच जा. नुसतं ‘येते आत्या’ म्हणू नकोस, ये.