दोघांचा आकडा

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मीटरमामा राहतात. खरं नाव पोस्टमनलाच माहीत असेल. वीज कंपनीत मीटर वाचण्यात उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी जिना उतरताना सगळ्यांच्या मीटरवर एक नजर टाकल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नाही. खाली माझं इस्त्रीचं दुकान. आसपासच्या घरांचे कपडे आणि बसस्टँडजवळच्या लॉजच्या चादरी. मामा सकाळी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात, पेपर उलटसुलट वाचतात, आणि यात छापलंय ते सोडून बाकी सगळं खरं असणार, असं म्हणून घरी जातात.

फोन आहे त्यांच्याकडे, पण महत्त्वाचं काही बोलायचं झालं की तो आधी पिठाच्या डब्यात जातो. वरून घट्ट झाकण. "तो ऐकतो," म्हणतात. मी एकदा चिडवलं, "मामा, तुमच्या गुडघ्याचं रडगाणं ऐकून त्याला काय मिळणार?" तर म्हणाले, "गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली की सांग मला." संध्याकाळी आली. तीही माझ्या फोनवर, आणि माझे गुडघे तर चांगले ठणठणीत. तरी मी हसलेच. सगळी इमारत हसायची. मामांचा एक स्क्रू ढिला आहे, पण माणूस सोन्यासारखा, असं आमचं ठरलेलं होतं.

मामांना आकड्यावरून घर कळायचं. कोणाकडे पाहुणे राहून गेले, कोणाकडे बाळ आलं, कोणाचं माणूस गेलं, कोणाचं दुकान नुसतंच उघडं असतं, धंदा काही होत नाही. पण त्याबद्दल तोंडातून कधी अवाक्षर नाही. "मीटरवाल्यानं आकडा लिहायचा," ते म्हणायचे. "घर लिहायचं नाही."

मग नवे मीटर आले. कंत्राटदाराची पोरं भराभर जुने काढून नवे ठोकून गेली. आता कोणी वाचायला येणार नाही, सगळं आपोआप कंपनीत पोचणार, तुमच्याच सोयीसाठी आहे मावशी. मला आवडला बाई तो मीटर. फोनवर रेघ दिसायची. इस्त्री लावली की रेघ टुणकन वर, बंद केली की खाली. मी कौतुकानं मामांना दाखवायला गेले, तर त्यांचा चेहरा पडला.

"मी महिन्यातून एकदा यायचो," ते म्हणाले. "बेल वाजवायचो, मीटर म्हणून ओरडायचो. तुम्ही दार उघडलं तर आत. हा दर पंधरा मिनिटांनी येतो, आणि याला दार उघडावं लागत नाही."

"पण ते म्हणालेत ना, माहिती सुरक्षित आहे, कोणी बघत नाही म्हणून."

"कोण बघत नाही? अगं, आमच्या ऑफिसात कोणाच्या मुलीचं लग्न ठरत आलं की आधी होणाऱ्या व्याह्यांचं बिल काढून बघायचे. एसी आहे का, चालवतात का, का नुसताच भिंतीवर टांगलाय. तेव्हा महिन्याचा एक आकडा होता. आता तर अख्खा दिवस उघडा पडलाय."

तेव्हाही मी हसलेच. पुढं हसू पार आटलं, त्याचं कारण मामांची लेक.

मामांना ही एकच लेक. आई लहानपणीच गेली. जावई मामांनी स्वतः निवडलेला, त्यांच्याच कंपनीतला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दिसायला नीटनेटका, बोलायला इतका गोड की ऐकणाऱ्यानं आपणहून माफी मागावी. हुशारही होता. मामांसारखा दारोदार फिरला नाही, वर चढत गेला. आणि नवे मीटर आले तेव्हा ज्या खोलीत सगळ्या गावाच्या रेघा दिसतात, त्या खोलीत त्याची खुर्ची लागली.

लेकीचं मनगट मोडलं तेव्हा ती म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा काही म्हणाली नाही, एक पिशवी घेऊन निघाली आणि मैत्रिणीकडे लपली. जावई थेट इथं आला. मामांना बाजूला सारून कपाटंसुद्धा उघडून बघितली त्यानं. इमारतीतली झाडून सगळी माणसं जिन्यात जमली, तुझ्या साहेबाला सांगू म्हणून दम भरला, तेव्हा कुठं उतरला. उतरताना मामांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "कुठं आहे एवढं फक्त कळू दे बाबा. पुढचं मी बघतो." तो पुन्हा जिना चढला नाही. पण ते वाक्य काही मामांच्या कानातून गेलं नाही.

काही दिवसांनी मैत्रीण घाबरली. एका दुपारी लेक माझ्या दुकानाच्या मागच्या दारातून आत आली आणि कपड्यांच्या गठ्ठ्याआडून वर गेली. दूरच्या गावी तिला नोकरी मिळाली होती, मुलींच्या वसतिगृहात खोली होती, पण ती महिनाअखेरीस रिकामी होणार होती. तोवर ती इथं आहे हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो खाली उभा राहील, आणि एक ना एक दिवस तिला जिना उतरावाच लागेल.

ती आली तेव्हा मामांनी तिला आधी पाणीसुद्धा विचारलं नाही. उठून आतला पंखा बंद केला.

"या घराचा आकडा एका माणसाचा आहे," ते म्हणाले. "एकाचाच राहिला पाहिजे. वाढला तरी त्याला दिसणार, घटला तरी दिसणार."

मला वाटलं, हे जरा अतीच होतंय. पण मामा घाबरले होते, आणि त्या माणसाला मी मोकाट कुत्र्यालाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आंघोळ गार पाण्यानं. दिवा एकच, तोही मामा ज्या खोलीत असतील तिथं. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, आणि पोर आतल्या खोलीत दारं लावून पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. मनगटावर अजून पट्टी. मी डबा घेऊन गेले की कुजबुजत विचारायची, "मावशी, खाली कोणी आहे का हो?"

मामा कंपनीच्या ऑफिसातही जाऊन आले. नाव न घेता विचारलं, आतल्याच कोणी एखाद्या घराची रेघ चोरून बघितली तर दाद कुठं मागायची? साहेब हसले. आमच्याकडे असं होतच नाही, म्हणाले. तरी शंका असेल तर मीटर कुठला, घरात कोण कोण राहतं आणि भीती कसली वाटते ते सविस्तर द्या, चौकशी लावतो. चौकशी कोण करणार? तर जावयाचीच खोली. मामा आभार मानून आल्या पावली परत आले. पोलिसांना लेकीनं आधीच विचारून पाहिलं होतं. घरातलं घरात मिटवा, असा सल्ला घेऊन ती आली होती.

मग युक्ती मला सुचली. माझी इस्त्री दिवसभर मरणाची वीज खाते, त्यात एक पंखा कोणाला दिसतोय? दुकानातून एक वायर मागच्या खिडकीनं वर मामांच्या खिडकीत घेतली. ज्या माणसानं जन्मभर असल्या वायरी पकडून लोकांना दंड लावला, त्यानंच ती स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवली. "वर्दी देऊ का कंपनीत?" मी म्हटलं. किती दिवसांनी लेक हसली, तोंडावर हात दाबून. पंखा सुरू झाला, रात्री तेवढा बंद. मामांना वाटलं निभावलं. मलाही तसंच वाटलं.

एका भर दुपारी जावई माझ्या काउंटरवर उभा.

हातात शर्टांची पिशवी. वरचा पंखा खाली ऐकू येत नाही हे माहीत असूनही मला त्याची घरघर ऐकू यायला लागली.

"मावशी, एवढे शर्ट करून ठेवा. संध्याकाळी नेतो." गोड हसला. "आणि एक सांगू? सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना पंखा चालूच राहतो तुमचा. दोन्ही सुट्ट्यांना राहिला. दिवसभर."

मी म्हटलं, "विसरले असेन. म्हातारी झाले आता."

"विसरतं माणूस," तो म्हणाला. "मीटर नाही विसरत." आणि निघून गेला.

मी शटर अर्धं ओढून धावत वर गेले. मामांना सांगितलं.

"सुट्टी," मग ते म्हणाले. "अगं, सुट्टीच्या दिवशी मी कधी मीटर वाचायला गेलोच नाही. मलाही सुट्टीच असायची. महिन्याच्या आकड्यात सुट्टी वेगळी दिसायची नाही कधी. मी अजून महिन्याच्याच आकड्यात विचार करतोय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "एका घरावर संशय आला तर शेजारच्याचा मीटर बघ, हे त्याला मीच शिकवलं."

लेक भिंतीला टेकून उभी होती. वसतिगृहातली खोली रिकामी व्हायला अजून दिवस होते, पण ती म्हणाली, "मी तिथं जमिनीवर झोपेन. फक्त मला इथून काढा."

दुपारी लॉजच्या चादरी न्यायला टेंपो येतो. मामा उठले. त्यांनी लेकीच्या खिडकीतली वायर काढून खाली सोडली आणि घरातलं एकेक बटण दाबायला सुरुवात केली. गीझर. दोन्ही खोल्यांतले पंखे, दिवे. मिक्सर रिकामाच घुर्र करून सोडला.

"मामा, हे काय?"

"आजवर एकाचा आकडा दिला," ते म्हणाले. "आता दोघांचा देतो. बघू दे त्याला."

लेकीनं त्यांना मिठी मारली. त्यांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि तिला दाराकडे ढकललं. कुठं जातेस, कशी जातेस, काही विचारलं नाही. गावाचं नावही त्यांनी आधीपासून तिला सांगू दिलं नव्हतं. मला माहीतच नसलं तर माझ्याकडून काढून कोण घेणार, म्हणाले होते.

तिला मागच्या दारानं टेंपोत चढवलं, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. टेंपो कोपऱ्यावर वळला. चहाच्या टपरीशी जावई उभा होता. संध्याकाळची वाट बघायला त्याला घरी जायचं नव्हतंच. हातात फोन होता आणि मान खाली. टेंपो त्याच्या इतक्या जवळून गेला की हात बाहेर काढला असता तर त्याचा खांदा लागला असता. त्यानं मान वर केली. टेंपोकडे नाही. फोनकडून मामांच्या खिडकीकडे बघितलं, परत फोनकडे, आणि समाधानानं हसला.

बसस्टँडवर पोरीला गाडीत बसवून येईपर्यंत माझा जीव मुठीत होता. परत आले तरी तो तिथंच, चहाचा दुसरा ग्लास हातात.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मामांच्या घराचा आकडा तेव्हापासून दोघांचाच आहे. सकाळी दोनदा गीझर. दोन्ही खोल्यांत पंखे. आतला दिवा त्यांच्या दिव्यानंतर विझतो, लेकीला वाचत झोपायची सवय होती म्हणून. जोवर इथं दोघं आहेत असं त्याला वाटतंय तोवर तो इथंच बघत बसेल, दुसरीकडे शोधणार नाही, असा हिशेब. आणि तो बसतोही. शर्ट टाकायला येतो, घडी उलगडून बघतो, वर नजर टाकतो. जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून दचकते. इमारतीत मामांना आता कोणी हसत नाही. माझाही फोन पिठाच्या डब्यात जातो.

मामांना तिचं गाव माहीत नाही, पण तिच्याकडून कळलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. तिथं वसतिगृहात सगळ्या मुलींचा मिळून एकच मीटर आहे. त्या दिवशी मामा जेवले. इतक्या पोरींमधून एकीला वेगळी काढायची तर जावयाच्या बापालाही जमायचं नाही, असं स्वतःशीच म्हणाले.

काल सकाळी जावई शर्ट न्यायला आला. पैसे देता देता म्हणाला, "मावशी, नवीन मीटर रुळला ना तुम्हाला? आता वसतिगृहं, लॉज, सगळीकडे खोलीगणिक बसवणार आहोत. ग्राहकांच्या सोयीसाठी." सहज बोलला की मुद्दाम, कळायला मार्ग नाही.

तो गेल्यावर मी इस्त्री बंद केली आणि वर गेले. मामा आतल्या खोलीत लेकीच्या कॉटवर बसले होते, डोक्यावर पंखा फिरत होता. सांगू की नको असं माझं चाललं होतं, तेवढ्यात तेच म्हणाले, "माहितीये. पेपरात आलंय."

मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी गीझरचं बटण दाबलं. तिच्या आंघोळीची वेळ झाली होती.