सरांना ‘नाही’ म्हणताना

सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या मोबाइलमधून सर बोलत होते. आवाज रेकॉर्ड केलेला, पण म्हणून काय झालं... मी दोन्ही फोन हातात धरून उभी होते.

वाघमारे सरांनी मला नांदेडच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवलं. निवृत्तीनंतर मला हाताशी धरून त्यांनी उलटाच उद्योग मांडला: ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही, त्याला प्रोग्रॅम करता आला पाहिजे. माणसानं काय हवं ते बोलायचं, मोबाइलनं त्याची चित्रं मांडायची आणि सरांच्या आवाजात विचारायचं, “बरोबर हाय का?” होकार मिळाला की काम सुरू. मी कुरकुर केली की म्हणायचे, “अगं, काय करायचं ते त्या माणसाला पक्कं ठाऊक असतंय. आपणच मधी तडमडतो.”

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका वस्तीत पाणी सोडणाऱ्या रुक्मिणबाईंनी पहिला प्रोग्रॅम केला. टाकी भरली की मोटार बंद, एवढंच. मोबाइलनं नेमकं उलटं मांडलं. बाईंनी ते पाहिलं आणि तरी ‘हाव’ म्हणाल्या. सकाळभर टाकी वाहिली, गल्लीत चिखलच चिखल. सरांनी विचारलं तर म्हणाल्या, “दिसलं की मला. पण तुम्हीच इचारून राह्यले, सर. तुम्हाला न्हाई कसं म्हणावं?”

 परतताना लातूरजवळ सर म्हणाले, “जन्मभर पोरांना विचारलं, समजलं का? सगळी हो म्हणायची. लई मोठी चूक झाली गं.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा प्रश्न रेकॉर्ड केला: “माझं काय चुकलं, ते सांगा.” रुक्मिणबाईंनी धडाधड तीन चुका काढल्या आणि सर पोराचा निकाल लागल्यासारखे खूश!

आमची शेवटची भेट त्यांच्या घराच्या जिन्यात झाली. सकाळचा गारवा होता, तरी कपाळावर घाम, हात कठड्यावर घट्ट. “पित्त झालंय. दवाखान्याची काही गरज न्हाई, बरोबर ना?” मला ते अजिबात पटलं नव्हतं. सगळं डोळ्यांना दिसत होतं. मी म्हणाले, “हो सर.”... त्यानंतर तो फोनच आला. कुणी माझी समजूत घालायला लागलं की मला रागच येतो.

सरांच्या मुलीला आता तो आवाज ऐकवत नाही, म्हणून त्याजागी माझा घालायचं ठरलंय. काल त्यांच्या खोलीत ते काम करायला बसले. काढण्याआधी एकदा ऐकू म्हटलं.

“माझं काय चुकलं, ते सांगा.”

मी मोठ्यानं म्हणाले, “सर, हे पित्त नाही. दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता.”

मोबाइल जरा थांबला. मग सर म्हणाले, “समजलं न्हाई. परत सांगा.”

मी परत सांगितलं.